पहिला चीजकेक: मुंबईत घरी करायचा कसा आणि चांगला शोधायचा कुठे

मुंबईत चीजकेक आता सगळीकडे मिळतो. वांद्र्याच्या कॅफेत मिळतो, मॉलमध्ये मिळतो, आणि डोंबिवली-बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये ऑर्डर घेऊन करून देणाऱ्या ताईही कमी नाहीत. तरीही विकत घेण्याआधी एकदा तो घरी करून बघा, असं मी आग्रहाने सांगते. कॅफेतल्या तीन-चार तुकड्यांच्या पैशात घरी अख्खा केक होतो, हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. स्वतः केल्याशिवाय चांगला चीजकेक ओळखता येत नाही. केकमध्ये चीज किती आहे आणि त्याला आच कशी लागली आहे, या दोन गोष्टींवर त्याचं सगळं बरंवाईट ठरतं, आणि दोन्ही हाताखालून गेल्या की दुकानातला पहिला घास खाताच कळतात.

सामान, आणि त्यात आधी क्रीम चीज

क्रीम चीज म्हणजे दूध आणि सायीला विरजण लावून, पाणी निथळून केलेलं ताजं, न मुरवलेलं चीज. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स यांनी १८७० च्या दशकात ते करायला घेतलं, आणि १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव मिळालं. मुंबईत हे फिलाडेल्फिया मिळतं, पण महाग पडतं. पहिल्या केकसाठी अमूल, ब्रिटानिया किंवा डीलेक्टा पुरेसं आहे. डीलेक्टाचं एक किलोचं पॅकिंग घरगुती बेकर्समध्ये बरंच चालतं. नेहमीच्या डेअरीवाल्याकडे नसेल तर सांगून ठेवा, मागवून देतो.

डबा उचलताना लेबल नीट वाचा. शेजारीच ठेवलेलं चीज स्प्रेड दिसायला तसंच असतं, पण ते खारट असतं आणि पोळीला लावायला केलेलं असतं. त्याचा केक होत नाही. काही क्रीम चीजमध्येही मीठ थोडं जास्त असतं, म्हणून डबा उघडला की बोटभर चाखून बघा आणि वरून मीठ घालू नका.

आता चक्का. पूर्ण क्रीम चीजचा केक मला स्वतःला जड वाटतो. त्यात थोडा चक्का घातला की आंबटपणाची धार येते. परदेशी कृतींमध्ये हे काम सावर क्रीम करतं. ते इथे शोधत बसण्यापेक्षा गिरगाव, दादर, पार्ल्याच्या जुन्या डेअरीतून पाव किलो चक्का आणा. श्रीखंडाचा गोड केलेला नको, नुसता चक्का मागा. घरी बांधायचा असेल तर सायीच्या दह्याचा बांधा आणि पुरचुंडी फ्रीजमध्ये टांगा. मुंबईच्या हवेत ओट्यावर रात्रभर टांगलेला चक्का सकाळपर्यंत इतका आंबट होतो की केकची चव बिघडते. वापरण्याआधी तो पुरणयंत्रातून किंवा बारीक गाळणीतून काढा. चक्क्यातले कण भाजताना विरघळत नाहीत, शेवटपर्यंत जिभेला लागतात.

भांड्यांमध्ये एकच वस्तू मुद्दाम विकत घ्यावी लागते, ती म्हणजे कडेला चाप असलेला स्प्रिंगफॉर्म टिन. चीजकेक उलटा करून काढता येत नाही, म्हणून कडा सुटणारा टिन लागतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आत आणि आसपासच्या गल्ल्यांत केकचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे बसमधून उतरून महात्मा फुले मंडई विचारलंत तरी रस्ता तोच. दुकानदार इंचात बोलतात, सात इंची मागा. निघण्याआधी घरच्या ओटीजीची, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनची, आतली रुंदी टेपने मोजा, कारण पुढे येणाऱ्या न्यूयॉर्क चीजकेकसाठी टिनच्या बाहेर पाण्याचा आणखी एक ट्रे बसावा लागतो. टिन हातात आला की चाप दोन-तीनदा लावून काढून बघा. चाप सैल असेल तर मिश्रण खालून गळतं.

सुरुवात बास्क चीजकेकने करा

बहुतेक नवखे पहिल्यांदा बिस्किटांचा थर असलेला न्यूयॉर्क चीजकेक करायला जातात, मग तो वरून तडकतो आणि हिरमोड होतो. माझा सल्ला आहे की पहिला केक बास्क करा. स्पेनमधल्या सान सेबास्तियन शहरातल्या ला विन्या या बारमध्ये सांतियागो रिवेरा यांनी १९९० च्या सुमारास तो केला. याला खाली बिस्किटं नाहीत, पाण्याचा ट्रे नाही, आणि वरून तो करपल्यासारखा गडद व्हायलाच हवा. घरगुती ओटीजीत वरची तापणारी कांडी जवळ असते, त्यामुळे बाकी केक वरून लवकर काळे होतात. तीच खोड इथे कामाला येते.

सात इंची टिनसाठी ५०० ग्रॅम क्रीम चीज, १४० ग्रॅम साखर, ३ अंडी, २०० मिलि फ्रेश क्रीम, १ मोठा चमचा मैदा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घ्या. अमूलचं साधं फ्रेश क्रीम चालतं, कारण ते फेटून फुलवायचं नाही.

१. क्रीम चीज आणि अंडी अर्धा-पाऊण तास आधी फ्रीजमधून बाहेर काढा. मुंबईत एवढा वेळ पुरतो, मे महिन्यात तर त्याहूनही कमी. गार चीजच्या गुठळ्या पुढे कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत.

२. ओटीजी २२० अंशांवर, वरखालच्या दोन्ही कांड्या लावून, वीस मिनिटं तापवा. बटर पेपर पाण्याखाली धरून, चुरगाळून, पिळून टिनमध्ये बसवा. कागद कडेच्या वर दोन बोटं यायला हवा, कारण केक फुगून टिनच्या वर येतो.

३. चीज आणि साखर लाकडी चमच्याने किंवा साध्या व्हिस्कने घोटा. साखर बोटांना लागेनाशी झाली की एकेक अंडं घाला. इथे बीटर जोरात फिरवू नका, हवा भरली की केक फसफसतो आणि मग खचतो. शेवटी क्रीम आणि चाळलेला मैदा घाला.

४. मिश्रण गाळणीतून टिनमध्ये ओता. टिन ओट्यावर दोनदा हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे वर येतात.

५. तीस ते पस्तीस मिनिटं भाजा. वरचा रंग गडद तपकिरी झाला पाहिजे आणि टिन हलवला की मधला भाग खरवसासारखा थुलथुलला पाहिजे. सगळा केक घट्ट दिसायला लागला म्हणजे वेळ टळली.

बाहेर काढला की तो अजून पातळ आहे असं वाटून धीर सुटतो आणि बरेचजण तो पुन्हा आत ढकलतात. तसं करू नका. बाहेर आल्यावरही तो आतल्या उष्णतेने शिजत राहतो. पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, मग किमान सहा तास फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर केक आदल्या रात्रीच झालेला हवा.

आचेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ओटीजीच्या बटणावरचे अंश आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, तो घ्या. कृतीत लिहिलेल्या मिनिटांपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

ओटीजी नसेल तर

वाफवा. ढोकळ्याचा कुकर किंवा मोठी कढई प्रत्येक घरात असते, आणि वाफेवर चीजकेक खूप मऊ होतो. वरच्याच प्रमाणात क्रीम निम्मं करा आणि मैद्याऐवजी दीड चमचा कॉर्नफ्लोअर घाला. टिनला वरून फॉइल घट्ट लावा. झाकणाला सुती फडकं बांधा, गाठ वरच्या बाजूला. उकडीच्या मोदकांना आपण हेच करतो, वाफेचं पाणी थेंबथेंब खाली पडू नये म्हणून. पाणी खळखळ उकळू देऊ नका. मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. झाला की झाकण काढून कढईतच गार होऊ द्या. वर रंग येत नाही, पण फळं घातली की ते दिसत नाही.

मग न्यूयॉर्क चीजकेक

बास्क एकदा जमला की हा करा. यात खाली बिस्किटांचा थर असतो. १५० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा आणि ७० ग्रॅम वितळलेलं लोणी असं प्रमाण घ्या. मारी किंवा पार्ले-जीही चालतं, फक्त मारी कोरडं असतं म्हणून लोणी थोडं वाढवा आणि पार्ले-जी गोड असतं म्हणून वरच्या मिश्रणातली साखर दोन चमचे कमी करा. चुरा मुठीत दाबून बघा, मुटका टिकला पाहिजे. वाटीच्या बुडाने टिनमध्ये दाबून बसवा आणि १७० अंशांवर दहा मिनिटं भाजून घ्या. पावसाळ्यात ही पायरी अजिबात गाळू नका. जुलै-ऑगस्टच्या हवेत न भाजलेला थर दुसऱ्या दिवशी लगदा होतो.

मिश्रणासाठी ५०० ग्रॅम क्रीम चीज, १५० ग्रॅम चक्का, १३० ग्रॅम साखर, १०० मिलि क्रीम, २ अंडी आणि एक जास्तीचा पिवळा बलक, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि एका लिंबाची किसलेली साल. लिंबाची फक्त पिवळी साल किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो. घोटायची रीत बास्कसारखीच.

आता तडे का जातात, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप लक्षात राहील. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने आवळतात. आच जास्त झाली की कडा लवकर आवळतात, मधला भाग मागे राहतो आणि वरचा पापुद्रा ताणून फाटतो. म्हणून टिन मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेत गरम पाणी ओततात. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडा मर्यादेत राहतात. टिनला बाहेरून फॉइलचे दोन पदर लावा, तेही एकाच सलग तुकड्याचे. जोड दिलेल्या फॉइलमधून पाणी शिरतंच. १५० अंशांवर साधारण पन्नास ते साठ मिनिटं भाजा. कडेची दोन-अडीच बोटं घट्ट आणि मध्यभाग हलता असला की बंद करा. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६५ ते ६८ अंश दिसले पाहिजेत.

भाजून झाल्यावर ओटीजीचं दार लाकडी चमचा अडकवून किलकिलं ठेवा आणि केक तासभर आतच राहू द्या. एकदम बाहेर काढला की गार हवेने आक्रसतो. बाहेर आला की पातळ सुरी कडेने एकदा फिरवा. केक गार होताना आकसतो, आणि कडा टिनला चिकटलेली राहिली तर मध्ये तडा जातो.

अंडं चालत नसेल तर

४०० ग्रॅम क्रीम चीज, २५० ग्रॅम चक्का, ३०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. साखर वेगळी घालायची नाही. बिस्किटांचा थर, पाण्याचा ट्रे, आच, सगळं वरच्यासारखंच. अंड्याचं बांधण्याचं काम इथे कॉर्नफ्लोअर करतं. हा केक वाफेवरही छान होतो, आणि मुंबईच्या बऱ्याच घरांत हाच सगळ्यांना चालतो.

न भाजता फ्रीजमध्ये सेट करायचे चीजकेकही असतात. त्यात जिलेटिन घालतात. ते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून केलेलं असतं आणि मुंबईच्या उन्हाळ्यात टेबलावर अर्ध्या तासात मऊ पडतं. आगर-आगर, म्हणजे आपलं चायनाग्रास, शाकाहारी आहे आणि एकदा सेट झालं की ३५-४० अंशांतही वितळत नाही. मात्र ते पाण्यात दोन मिनिटं चांगलं उकळावं लागतं, आणि चीजचं मिश्रण साध्या तापमानाचं असावं लागतं. गार चीजमध्ये गरम आगर ओतलं की त्याचे लगेच कण होतात.

वर काय घालायचं

कॅनमधली ब्लूबेरी सगळ्यांच्या आधी डोक्यात येते, पण मुंबईत राहून ती घालण्यात काय हशील? डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मेमध्ये हापूस, जूनमध्ये जांभूळ. हापूसचा रस कढईत थोडा आटवून, गार करून वर पसरा. कच्चा रस पाणी सोडतो. जांभळाचा गर थोड्या साखरेत शिजवून बघाच, त्याचा तुरटपणा चीजला जसा साजतो तसं दुसरं फळ मला अजून सापडलेलं नाही. ताजा अननस, पपई आणि किवी जिलेटिनच्या केकमध्ये कच्चे घालू नका. त्यातले एन्झाइम जिलेटिन मोडतात आणि केक सेट होत नाही. शिजवले की ही अडचण राहत नाही, आगरला तर ती मुळातच नाही.

बाहेर खायचा तर

मुंबईत तीन प्रकारच्या जागा आहेत. पहिली साखळी दुकानं. थिओब्रोमा २००४ मध्ये कुलाब्यात सुरू झालं आणि आता जवळपास प्रत्येक उपनगरात आहे. तिथला तुकडा हा ठीकठाक, भरवशाचा अंदाज घ्यायला चांगला. नावातच चीजकेक असलेलं लव्ह अँड चीजकेक हेही मुंबईचंच. प्रकार अनेक असल्यामुळे दोघाचौघांनी मिळून वेगवेगळे तुकडे मागवून तुलना करायला ती जागा सोयीची. तिथे गेलात तर चॉकलेट आणि कॅरॅमल बाजूला ठेवून एक साधा तुकडा नक्की घ्या. वर काही नसलेल्या केकला लपायला जागा नसते.

दुसरी जागा म्हणजे मोठ्या हॉटेलांची पेस्ट्रीची दुकानं आणि वांद्रे, खार, फोर्ट, काळाघोडा भागातले छोटे कॅफे. इथे बास्क चांगला मिळण्याची शक्यता जास्त. वेटरला किंवा काउंटरवर सरळ विचारा: भाजलेला आहे की सेट केलेला? आज केलाय की काल? चांगल्या जागी ही उत्तरं लगेच मिळतात. कालचा असला तर बिचकू नका, भाजलेला चीजकेक दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. तीन-चार दिवसांचा असेल तर मात्र घेऊ नका.

पुढ्यात आल्यावर काट्याची कड त्यावर दाबा. चीज भरपूर असलेला केक काट्याला किंचित चिकटतो आणि कापलेली बाजू मखमली दिसते. स्पंजासारखी छिद्रं दिसली किंवा काटा काही न जाणवता आरपार गेला, तर त्यात व्हिप्ड क्रीम जास्त आणि चीज कमी आहे. जिलेटिन जास्त असेल तर तुकडा रबरासारखा परत वर येतो. चवीत आधी आंबटपणा, मग गोडी यायला हवी. नुसताच गोड लागला तर दुसऱ्यांदा तिथे जाऊ नका.

तिसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, म्हणजे घरून ऑर्डर घेणाऱ्या बायका. मुलुंड, ठाणे, पार्ले, गोरेगाव, दहिसर, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, दोन-तीन नंबर नक्की मिळतात. गणपती आणि दिवाळीच्या आधी हॉलमध्ये भरणाऱ्या महिला उद्योजिकांच्या प्रदर्शनांतही यांचे स्टॉल असतात, तिथे चाखून ऑर्डर देता येते. त्या केक तुमच्यासाठी, तुमच्या दिवशी करतात, साखर कमी करून देतात, अंड्याचं विचारून घेतात. दुकानाच्या शोकेसला हे जमत नाही.

ऑर्डर देताना मोकळेपणाने विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. कुठलं क्रीम चीज वापरता आणि एक किलोच्या केकमध्ये ते किती घालता? निम्म्याच्या आसपास चीज असेल तर उत्तम. जिलेटिन की आगर? एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी आहे का? घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही ती लागते, तिचा नंबर चौदा आकडी असतो आणि तो डब्यावर किंवा बिलावर छापलेला दिसला पाहिजे. घरी शाकाहारी माणसं असतील तर डब्यावरचा हिरवा ठिपका बघा.

किंमत दुकानापेक्षा कमी असेलच असं नाही. एका केकमध्ये अर्धा किलो चीज, लोणी, क्रीम, एक रात्र फ्रीजची जागा आणि त्या बाईंचे चार-पाच तास असतात. खूप स्वस्त चीजकेक कोणी देत असेल तर चीजच्या जागी काय घातलंय ते विचारा.

केक घरी कसा आणणार, हे ऑर्डर देतानाच ठरवा. गर्दीच्या वेळी लोकलने आणू नका, डबा आडवा झाला की संपलं. घ्यायला जाताना थर्मोकोलचा डबा आणि दोन जेल पॅक बरोबर न्या. ऑफिस चर्चगेटला आणि घर बोरिवलीला असेल तर घराजवळच्याच बेकरकडून घेणं शहाणपणाचं. फ्रीजबाहेर हा केक दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, मे महिन्याच्या उन्हात तर तासभरच.

घरी आल्यावर फ्रीजमध्ये झाकून ठेवा, नाहीतर लसणाचा आणि माशांचा वास लगेच धरतो. चार-पाच दिवस टिकतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फळं न घालता तुकडे करा, प्रत्येक तुकडा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि खायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणि हे प्रत्येक कापाला करा.